पुस्तकातून निसटलेले डिटेक्टिव्ह

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर १९३२ साली पुढे ॲबी नॅशनल म्हणून ओळखल्या गेलेल्या, घरकर्ज देणाऱ्या संस्थेनं आपलं कार्यालय थाटलं. इमारत चांगली ऐसपैस. तिच्या वाट्याला ओळीनं बरेच घरनंबर आले आणि त्यांत २२१ हाही नंबर होता. झालं! कथांमध्ये याच पत्त्यावर राहणाऱ्या शेरलॉक होम्सच्या नावानं जगभरातून येणारी पत्रं या संस्थेच्या टपालात पडू लागली. कुणी आपली अडचण मांडलेली, कुणी नुसतीच ख्यालीखुशाली विचारलेली. संस्थेनं ती पत्रं केराच्या टोपलीत टाकली नाहीत, उत्तरं द्यायला खास सेक्रेटरी ठेवला. होम्ससाहेब निवृत्त झालेत आणि ससेक्समध्ये मधमाश्या पाळतात, असं ते अदबशीर उत्तर असायचं. गंमत म्हणजे कॉनन डॉइल यांनी या कथा लिहायला घेतल्या तेव्हा बेकर स्ट्रीटचे नंबर २२१ पर्यंत पोचतही नव्हते.

कर्ज देणाऱ्या संस्थेनं कित्येक दशकं एका काल्पनिक माणसाचा पत्रव्यवहार सांभाळला, ही गोष्ट मला फार आवडते. इतर कथांमधले नायक पुस्तक मिटलं की आत राहतात. डिटेक्टिव्ह मात्र पानातून निसटतो आणि कधी कोर्टात, कधी हॉस्पिटलात, कधी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाऊन उभा राहतो. त्याच्या अशाच काही उचापती इथे गोळा केल्या आहेत. कुठल्याही कथेतला खुनी फोडलेला नाही. एका कादंबरीतलं विष मात्र सांगावं लागणार आहे, तिथे आधी सूचना देईन.

पंचवीस पौंडांचा होम्स

होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ मध्ये एका ख्रिसमस वार्षिकात छापून आली. सगळे हक्क विकून डॉइल यांना मिळाले फक्त २५ पौंड! होम्सची नजर त्यांनी उचलली आपल्या गुरूंकडून. एडिंबराला वैद्यकीचं शिक्षण घेताना डॉ. जोसेफ बेल हे त्यांचे शिक्षक होते. रोग्यानं तोंड उघडण्याआधीच त्याच्या चालीवरून, हातांवरून, बोलण्याच्या ढबीवरून तो कुठून आला आणि काय काम करतो, हे बेल सांगून टाकत.

१८९३ मध्ये डॉइल यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात ढकललं. वाचक खवळले. शेवटी १९०३ मध्ये त्याला जिवंत करावं लागलं. आणि ते जगप्रसिद्ध 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन'? डॉइल यांच्या होम्सवरच्या चार कादंबऱ्या आणि ५६ कथा चाळून पाहा, हे वाक्य या शब्दांत कुठेही सापडणार नाही. ते नाटक-सिनेमावाल्यांनी चिकटवलं.

मुंबईच्या पारशाचा मुलगा आणि डॉइल

आता एक खरी केस. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातल्या ग्रेट वर्ली गावात शापूरजी एदलजी नावाचे पाद्री होते. मूळचे मुंबईचे पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. त्यांचा मुलगा जॉर्ज सॉलिसिटर. १९०३ साली त्या भागात रात्री-अपरात्री गुराढोरांना आणि घोड्यांना कुणीतरी सुरीनं फाडत होतं. पोलिसांनी संशय घेतला जॉर्जवर आणि कोर्टानं त्याला सात वर्षांची शिक्षा ठोठावली. तीन वर्षांनी त्याला सोडलं, पण निर्दोष मात्र ठरवलं नाही. नाव गेलं ते गेलंच, वकिलीही गेली.

जॉर्जनं डॉइल यांना लिहिलं. लंडनच्या एका हॉटेलात भेट ठरली. डॉइल यांना पोचायला जरा उशीर झाला. जॉर्ज वाट बघत वर्तमानपत्र वाचत बसला होता. डॉइल लांबूनच त्याला न्याहाळत राहिले. पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ, तोही तिरका धरलेला. डॉइल यांनी काही काळ डोळ्यांच्या डॉक्टरकीचा दवाखाना चालवला होता, त्यामुळे त्यांनी तिथेच ताडलं की ज्याला हातभर अंतरावरचं धड दिसत नाही, तो काळ्याकुट्ट रात्री, चिखलातून, पोलिसांचा पहारा चुकवून शेतातल्या घोड्यापर्यंत कसा पोचेल?

पुढे ते स्वतः त्या गावात गेले, पुरावे तपासले आणि जानेवारी १९०७ मध्ये 'डेली टेलिग्राफ'मध्ये लेखमाला लिहून सरकारला जाब विचारला. त्याच वर्षी जॉर्जला माफी मिळाली, वकिलीची सनद परत मिळाली. नुकसानभरपाईचा मात्र एक पेनीही मिळाला नाही, आणि हे आज वाचतानाही संताप येतो. फौजदारी अपिलाचं न्यायालय इंग्लंडमध्ये १९०७ सालीच स्थापन झालं. त्यामागे ज्या गाजलेल्या प्रकरणांचा रेटा होता, त्यांत हे एक. होम्सच्या साठ गोष्टी एका बाजूला आणि ही एक केस दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मी हीच उचलेन.

अंगठा कोलकात्याचा

टीव्हीवरचा इन्स्पेक्टर ग्लासवर पावडर मारून ठसे उचलतो ना? ठशांवरून गुन्हेगार शोधायचा तर लाखो ठसे लावून ठेवायची आणि हवा तो झटकन काढायची पद्धत लागते. ती बसवली गेली कोलकात्यात, बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या कार्यालयात. डोकं आणि गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचं. दहा बोटांच्या ठशांची १,०२४ गटांत विभागणी करायची अशी ती युक्ती. १८९७ मध्ये तिथे ठशांचा विभाग सुरू झाला, स्कॉटलंड यार्डात १९०१ मध्ये. पद्धतीला नाव पडलं हेन्रींचं! आणि होम्सच्या एका कथेत अंगठ्याचा ठसा कळीचा ठरला तो १९०३ मध्ये. म्हणजे खुद्द होम्सच्या आधी हक आणि बोस.

ख्रिस्तीबाई हरवल्या

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अगाथा ख्रिस्ती मोटार घेऊन घराबाहेर पडल्या आणि गायब झाल्या. मोटार सरे परगण्यात एका उतारावर बेवारस सापडली. पोलीस, स्वयंसेवक, विमानं, सगळे शोधाला लागले. कॉनन डॉइल यांचा तोवर परलोकविद्येवर पूर्ण विश्वास बसला होता, त्यांनी बाईंचा हातमोजा मिळवून एका माध्यमाच्या हातात दिला. डॉरथी सेयर्स या दुसऱ्या नामवंत रहस्यकथालेखिका स्वतः ती जागा बघून आल्या. अकरा दिवसांनी बाई हॅरोगेटच्या एका आलिशान हॉटेलात सापडल्या. वहीत नाव लिहिलं होतं मिसेस टेरेसा नील. नील हे आडनाव त्यांच्या नवऱ्याच्या प्रेयसीचं! त्या अकरा दिवसांबद्दल बाईंनी आत्मचरित्रात चकार शब्द लिहिला नाही. वाचकांना शेवटच्या प्रकरणात सगळं उलगडून सांगणाऱ्या बाईंनी हा एक उलगडा स्वतःजवळ ठेवला, आणि तो त्यांचा हक्कच होता.

बाईंची विषांची जाण पक्की होती, कारण पहिल्या महायुद्धात त्यांनी टॉर्कीच्या हॉस्पिटलात औषधं तयार करून देण्याचं काम केलं होतं. १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीतल्या विषाच्या अचूक तपशिलाचं कौतुक औषधविक्रेत्यांच्या व्यावसायिक नियतकालिकानं केलं.

(सूचना आली: 'द पेल हॉर्स' वाचायची असेल तर पुढचा परिच्छेद गाळा.)

१९७७ मध्ये कतारहून एका तान्ह्या मुलीला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात आणलं. तब्येत ढासळत चाललेली, डॉक्टरांना निदान होईना. देखभालीला असलेली नर्स त्याच वेळी 'द पेल हॉर्स' ही ख्रिस्तीबाईंची १९६१ ची कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळू लागलेले पाहून ती डॉक्टरांना म्हणाली, हे थॅलियमचं विष असेल. तपासणी झाली. थॅलियमच निघालं, घरात किडे मारायला वापरलेल्या औषधातलं. मुलगी वाचली. डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात ही केस लिहिली आणि तिथे ख्रिस्तीबाईंचे आभार मानले. बाई त्याआधीच्याच वर्षी वारल्या होत्या.

मिशाळ बेल्जियनचा मृत्युलेख

आपल्या बेल्जियन डिटेक्टिव्हचा, पॉयरोचा, ख्रिस्तीबाईंना स्वतःला भारी कंटाळा आला होता, पण वाचक सोडायला तयार नव्हते. त्याची शेवटची केस त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून तिजोरीत ठेवून दिली. 'कर्टन' नावानं ती १९७५ मध्ये आली. त्या वर्षी ६ ऑगस्टला 'न्यूयॉर्क टाइम्स'नं पहिल्या पानावर पॉयरोच्या निधनाची बातमी छापली, खऱ्या माणसाची छापावी तशी. पडद्यावर डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ अशी २४ वर्षं ७० भागांत पॉयरो उभा केला. माझ्या मते त्या तुरुतुरु चालीपुढे आधीचे आणि नंतरचे सगळे पॉयरो फिके.

उंदराच्या सापळ्यातून 'गांधी'

ख्रिस्तीबाईंचं 'द माउसट्रॅप' हे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ ला लागलं. आठेक महिने चालेल, असा खुद्द बाईंचा अंदाज. ते थांबलं मार्च २०२० मध्ये, तेही कोविडमुळे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झालं! पडदा पडल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. नाटक चालू आहे तोवर त्याची मूळ कथा ब्रिटनमध्ये छापायची नाही, असाही करार आहे. सगळे हक्क बाईंनी लहानग्या नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले होते. काय भेट!

या नाटकातला पहिला पोलीस अधिकारी होता रिचर्ड ॲटनबरो. पगाराचा काही भाग सोडून त्यानं नफ्यात दहा टक्के वाटा घेतला. पुढे तो दिग्दर्शक झाला, 'गांधी'साठी वीस वर्षं पैशांमागे धावला आणि अखेर या नाटकातला उरलेला वाटा विकून त्यानं तो सिनेमा तगवला. त्याच 'गांधी'त कस्तुरबा झाल्या आपल्या रोहिणी हट्टंगडी. त्याच सिनेमाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी भारताला पहिलं ऑस्कर आणून दिलं. लंडनच्या एका खूनकथेतून कोल्हापूरपर्यंत पोचणारी ही वाट मला कुठल्याही कादंबरीतल्या कलाटणीपेक्षा मोठी वाटते.

कवटीवर हात ठेवून शपथ

१९३० मध्ये ब्रिटिश रहस्यकथाकारांनी डिटेक्शन क्लब काढला. पहिले अध्यक्ष जी. के. चेस्टरटन. नव्या सभासदानं एरिक नावाच्या कवटीच्या साक्षीनं शपथ घ्यायची, की माझा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, योगायोग किंवा मंत्रतंत्राच्या जोरावर गुन्हा उकलणार नाही आणि महत्त्वाचा धागा मी वाचकापासून लपवणार नाही. त्याच सुमारास रोनाल्ड नॉक्स या लेखकानं दहा नियम घालून दिले होते. स्वारी स्वतः कॅथलिक धर्मगुरू! गुप्त खोली असली तर एकच. जुळे भाऊ आधी सूचना दिल्याशिवाय आणायचे नाहीत. आणि नायकाच्या मित्राची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित कमी हवी.

रहस्यकथेची खरी मजा या प्रामाणिक खेळात आहे, रक्तात नाही. सगळे पत्ते समोर मांडायचे आणि तरीही वाचकाला हरवायचं. शेवटच्या दहा पानांत लंडनहून अचानक येणारा सावत्र भाऊ मला अजिबात चालत नाही.

बर्गन एक्स्प्रेस लुटली!

नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत अख्खा देश डोंगरातल्या लाकडी घरांत जाऊन रहस्यकथा वाचतो. दुधाच्या खोक्यांवरही छोट्या गुन्हेकथा छापतात. हे खूळ सुरू झालं १९२३ मध्ये. दोन तरुण लेखकांनी टोपणनावानं कादंबरी लिहिली आणि तिची जाहिरात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकली. नावच असं की काल रात्री बर्गनची गाडी लुटली! लोकांना ती खरी बातमी वाटली, घबराट उडाली, आणि पुस्तक धडाक्यात खपलं.

खुनी माहीत आहे, तरी बघायचं

'कोलंबो' या अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिकेत खुनी पहिल्या काही मिनिटांतच दिसतो. पुढचा तासभर आपण बघत राहतो, तो पकडला कसा जातो ते. असा उलटा मांडलेला डाव ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकानं १९१२ सालच्या पुस्तकात खेळून ठेवला होता. तिसऱ्या वर्षी एक डोळा गमावलेल्या पीटर फॉक यांनी टीव्हीवर तो अजरामर केला. चुरगळलेला रेनकोट त्यांचा स्वतःचा. कुत्र्याचं नाव 'डॉग'. बायकोचा उल्लेख सतत, दर्शन कधीच नाही. आणि १९७१ मध्ये नियमित मालिका सुरू झाली तेव्हा पहिला भाग दिग्दर्शित केला विशीतल्या एका पोरानं, स्टीव्हन स्पीलबर्गनं.

कोलंबोचं पाळण्यातलं नाव काय? सामान्यज्ञानाचा एक कोश लिहिणाऱ्या फ्रेड वर्थ यांनी 'फिलिप' असं खोटंच उत्तर छापून ठेवलं, कॉपी करणाऱ्यांना पकडायला. 'ट्रिव्हियल पर्सूट' या खेळात नेमकं हेच उत्तर आलं. वर्थ यांनी तब्बल ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. सापळा अचूक, चोर सापडला, आणि तरी दावा फेटाळला गेला. कारण माहितीवर कुणाची मालकी नसते.

ऑक्सफर्डचा इन्स्पेक्टर मोर्स बघताना कान उघडे ठेवा. संगीतकार बॅरिंग्टन फेलंग यांनी शीर्षकसंगीतात तारायंत्राच्या कट्ट-कडकट्ट भाषेत 'मोर्स' हे नाव गुंफलं आहे. काही भागांत तर त्यांनी पार्श्वसंगीतात खुन्याचं नावही पेरलं होतं. लेखक कॉलिन डेक्स्टर शब्दकोड्यांतले अजिंक्यवीर, त्यामुळे हा चावटपणा त्यांना शोभलाच.

ब्योमकेश बक्षीचा मुक्काम पुणे

ब्योमकेश म्हणजे कोलकाता, ट्राम, धोतर. पण त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. १९३६ नंतर पंधराएक वर्षं त्यांनी ब्योमकेशला हातच लावला नव्हता. कोलकात्याच्या वाचकांनी गळ घातल्यावर तो परतला, आणि पुढच्या कितीतरी केसेस पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. कोलकात्याच्या गल्ल्यांमधला तो पाऊस पुण्यातल्या टेबलावर पडला! याच शरदिंदुबाबूंनी बंगाली मुलांसाठी शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या कथाही लिहिल्या. १९९३ मध्ये बासू चटर्जींनी दूरदर्शनवर ब्योमकेश आणला तेव्हा रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित आणि त्याची बायको सत्यवती झाल्या सुकन्या कुलकर्णी. मारधाड नाही, गाड्यांची पळापळ नाही, दोन मित्र आणि चहा. तीस वर्षांनंतरही त्या मालिकेचा तोल कुणाला साधलेला नाही.

सत्यजित राय यांचा फेलूदाही आपल्याकडे येऊन गेलाय. 'कैलाशे केलेंकारी' या कादंबरीत तो मूर्तिचोरांच्या मागावर थेट वेरूळला पोचतो. पुन्हा कधी कैलास लेणं बघायला गेलात तर आधी ही कादंबरी वाचा, खांबांमागे नजर जाईलच.

मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेतला इन्स्पेक्टर गणेश घोटे मात्र जन्मला इंग्लंडात. एच. आर. एफ. कीटिंग यांनी १९६४ मध्ये 'द परफेक्ट मर्डर' लिहिली, मुंबई एकदाही न बघता. त्या कादंबरीला ब्रिटिश रहस्यकथाकारांचं सुवर्णखंजीर पारितोषिक मिळालं. लेखकमहाशय मुंबईत उतरले त्यानंतर दहाएक वर्षांनी. पुढे सिनेमात नसीरुद्दीन शाह घोटे झाले.

आधी एक शून्य शून्य, मग दया

'करमचंद' ही डिटेक्टिव्ह मालिका १९८५ ची. पंकज कपूरच्या हातातलं गाजर आणि सहाय्यक किटीला बसणारा दम, एवढं म्हटलं की चाळिशीपुढच्या मंडळींना बाकी सांगायला लागत नाही. रमेश भाटकरांचा 'हॅलो इन्स्पेक्टर'ही तसाच.

'सीआयडी'ची मुळं मात्र मराठी मातीत आहेत. बी. पी. सिंग हे मुंबई दूरदर्शनचे कॅमेरामन. त्यांनी पोलिसांच्या खऱ्या केसेसवर मराठीत 'एक शून्य शून्य' ही मालिका केली, आणि तीत होते शिवाजी साटम. बँकेत नोकरी करता करता नाटकं करणारा हा माणूस. हीच जोडी जानेवारी १९९८ मध्ये सोनीवर 'सीआयडी' घेऊन आली आणि ती वीस वर्षं, पंधराशेच्या वर भाग चालली. २००४ मध्ये तर त्यांनी १११ मिनिटांचा एक अख्खा भाग कॅमेरा न थांबवता एकाच शॉटमध्ये चित्रित केला. नट, दिवे, आवाज, माइकवाला, एकाचीही चूक चालणार नव्हती. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. मालिकेतल्या इन्स्पेक्टर दयानं तोडलेले दरवाजे सगळ्यांना पाठ आहेत, या विक्रमाची आठवण फार कमी जण काढतात.

झुंजार, काळा पहाड आणि फुरसुंगीचा पोरगा

गिनीज बुकात आणखी एक मराठी नाव आहे: बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही त्यांची पोरं. हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. सुहास शिरवळकरांनी तर बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद असे चार वेगवेगळ्या पिंडांचे नायक एकट्यानं नांदवले. समीक्षकांनी या लेखकांकडे पाठ फिरवली, पण पुस्तक वाचून संपवायची गोडी अनेक पिढ्यांना लावली ती याच मंडळींनी, वाचनालयातल्या फाटक्या प्रतींमधून. हे ऋण मराठीनं अजून नीट मानलेलं नाही.

आणि बनेश फेणे! भा. रा. भागवतांचा हा काटकुळा, सायकलवेडा मुलगा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात विद्याभवनात. जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक्' केलं की समजायचं, गडी काहीतरी हुंगतोय. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे झाला, २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ. या सिनेमात तर भागवत स्वतःच एक पात्र होऊन आले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. डिटेक्टिव्ह पुस्तकातून बाहेर पडतात हे वर पाहिलंच, इथे लेखकही त्याच्या मागोमाग पडद्यावर पोचला. फेणेची पुस्तकं आजही दुकानांत मिळतात. घरात दहा-बारा वर्षांचं कुणी असेल तर या सुट्टीत एक आणून त्याच्या हातात ठेवा, आणि त्याचं वाचून झालं की तुम्ही घ्या.